न पुसलेली जागा

स्मृति नगर, भिलाई
२ डिसेंबर १९९३

दादा,

नमस्कार-चमत्कार शेवटी करीन, आधी हे वाच आणि मले सांग का मी येडी झाली का तुझं मशीन.

तू पुण्याले जायच्या आधी आमच्या नेहरू नगरच्या ऑफिसात युनिक्स मशीनले ती नवीन डिस्क लावून दिली होती ना, तिचीच गोठ आहे. तिचा ड्रायव्हर तूच लिहिला अन् जाता जाता एक बारकी कमांड मले देऊन गेला. रोज सकाळी चालवायची, डिस्कचं नाव दिसते, नंबर दिसते, किती जागा खराब झाली ते दिसते. साहेबांची ऑर्डर, का तिचा कागद छापून फाइलीत लावायचा. मी बापडी लावून राहिली. डिस्कच्या नावाच्या मागे कधी कधी कचरा यायचा, ठिपके, आडवेतिडवे चिन्हं. मी म्हटलं असू दे, दादानं लिहिलं म्हणजे त्यात काहीतरी वाकडं राहीनच.

पण परवा मंगळवारी काय आलं माहीत आहे? डिस्कच्या नावाच्या मागे, साफ इंग्रजी अक्षरांत: बोरकुटे बाबाराव, ६१, मेल. मग डिस्कचा नंबर. अन् नंबराच्या पुढे: मॅलिग्नंट सेल्स सीन, अॅडव्हाइज अॅडमिशन.

दादा, कॅन्सरच ना हा? बाबाराव बोरकुटे भिलाईत किती असतीन? एकसष्ट वर्षांचे किती असतीन? मी तो कागद फाइलीत नाही लावला. पर्समधे ठेवला आहे, अन् पर्स उघडायचं भेव वाटते.

आमच्या मशीनवर त्या नर्सिंग होमच्या तपासणीचे रिपोर्ट भरतात हे तुले माहीत आहे. शेवंता भरते, माझ्या बाजूच्या टेबलवर. अन् बाबा मागच्या आठवड्यात तिथंच गेले होते. दुर्गहून तुझी आई आली होती, वसुंधरा आत्या अन् बाबा, दोघं बहीण-भाऊ रिक्षात बसून गेले. आल्यावर मी विचारलं तर बाबा म्हणे, "शुगर दाखवली, सब ठीक है." अन् आत्या म्हणे, "हा एकटा जात नाही ना, म्हणून मी गेली संग." मी चहा केला, दोघांनी पेला, झालं.

आता तू सांग. तुझ्या डिस्कच्या कमांडीत माझ्या बापाचं नाव कावून यावं? डिस्कले काय करायचं आहे बाबाशी? अन् हे खरं आहे का खोटं? बाबाले विचारायची हिंमत नाही. आईले सांगतलं तर ती गावभर रडीन. ऑफिसात कोणाले दाखवता येत नाही. फोन करावं तर चौकातल्या एसटीडीवाल्याचे कान एवढाले. म्हणून हे पत्र. लवकर लिही.

मिनू


कर्वेनगर, पुणे
८ डिसेंबर १९९३

मिने,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचून हसलो, मग मामांचं नाव पुन्हा वाचलं आणि हसू थांबलं. तरी आधी तुला धीर देतो: हे माझ्या ड्रायव्हरमधून येणं शक्य नाही.

समजून घे. युनिक्समध्ये एक आतली खोली असते, तिला कर्नल म्हणतात. सगळ्यांच्या फायली, सगळ्यांचं वाचणं-लिहिणं तिथून होतं, आणि तिथं तुला-मला प्रवेश नाही. आपण बाहेरच्या ओसरीवर बसणारी माणसं. माझा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा तो प्रोग्राम, त्या खोलीतला नोकर. तू विचारलंस, डिस्कचं नाव काय, की तो आत जाऊन एका कागदावर नाव-नंबर लिहून तुला आणून देतो. त्याला शेवंताच्या रिपोर्टांशी काय देणंघेणं? त्या फायलींना कुलपं आहेत, ती मी स्वतः तपासली होती. तिच्याशिवाय त्या कोणी उघडू शकत नाही.

म्हणजे उरलं काय? कोणीतरी थट्टा केली. तुमच्या ऑफिसात पोट्टे कमी आहेत का! तुला रोज सकाळी तो कागद काढताना पाहून कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला असेल. पण अशी थट्टा करणाऱ्याचे कान उपटायला हवेत. शेवंताला विचार, तिचा पासवर्ड कोणाला माहीत आहे ते.

मामांना मी ओळखतो. त्यांना काही झालं असतं तर पहिला आरडाओरडा त्यांनीच केला असता. साधी सर्दी झाली तरी सगळ्या सेक्टर दोनला कळायचं, आता रिटायर होऊन तिथलं क्वार्टर सोडलं म्हणून माणूस बदलतो का? आईचंही पत्र आलंय. मजेत आहे म्हणते, थंडी छान पडली, तू अमेरिकेची तयारी कर म्हणते. मामांचं असं काही असतं तर तिनं लिहिलं नसतं का? तिच्या पोटात एक गोष्ट राहत नाही.

हो, अमेरिकेचं नक्की झालं. अठरा जानेवारीला मुंबईहून विमान. सहा महिने म्हणताहेत, पुढचं पुढे. त्यामुळे आता माझ्या कामात खोट काढू नकोस, मी मोठा माणूस झालोय.

विद्या


स्मृति नगर
१५ डिसेंबर

मोठ्या माणसा,

तुझं पत्र वाचून अस्सा राग आला का अंतर्देशीय फाडूनच टाकणार होती. मी थट्टेची गोठ नाही करून राहिली. माझा बाप मरून राहिला असीन, अन् तू मले ओसरी अन् नोकर सांगून राहिला!

ऐक. तुझं पत्र आल्यावर मी ती कमांड दिवसभर चालवत राहिली. सकाळी ठिपके आले. जेवणाच्या सुट्टीनंतर आले आपल्या गल्लीतल्या कोचिंग क्लासचे मार्क! फिजिक्समधे कोणी पोट्टा नापास झाला, त्याचं अर्धं आडनावही आलं. साहेबांच्या खोलीत त्यांचे मार्क भरून राहिले होते तेव्हा. आता मले सांग, हीबी थट्टा आहे? तुझ्या त्या नोकराले म्हण, मालकाच्या खोलीतलं कायकाय उचलून आणते ते जरा पाह्य.

शेवंताले मी विचारलं. पासवर्ड-बिसवर्ड नाही, सरळ विचारलं, "बाबाचं काही आहे का ग तुझ्याकडं?" तिनं टाइप करणं थांबवलं. मग म्हणे, "मीनल, तू माझी सख्खी बहीण असती तरी मी सांगतलं नसतं. इथं लोकायचं जीवनमरण टाइप करून राहिली मी. माझ्या नवऱ्यालेबी नाही सांगत." अन् तोंड फिरवून टाइप कराले लागली. मले राग आला, मग रडू आलं, मग वाटलं का ती नाही म्हणाली म्हणजे काहीतरी आहेच. काही नसतं तर "काही नाही ग" म्हणाले काय गेलं असतं? दादा, माझं डोकं फिरून गेलं आहे. कोणी हो म्हटलं तरी भेव, नाही म्हटलं तरी भेव, चूप बसलं तर जास्त भेव.

बाबाचं सांगू? जेवतात बरोबर. वांग्याची भाजी दोन-दोन वेळा मागतात. पण दुपार झाली का स्कूटर काढून दुर्गले जातात. "वसूकडं जाऊन येतो." रोज कोण जाते बहिणीकडं? आधी महिन्यातून एकदा जायचे, तेबी आईनं ढकललं तर. येतात ते चूपचाप येतात, अंगणात उभे राहतात, आत बोलवा लागते. परवा आईले शिकवून राहिले होते का गॅसचा नंबर कसा लावायचा, विजेचं बिल कुठं भरायचं. आई म्हणे, "मी कावून शिकू? तुम्ही कुठं चालले?" तर म्हणे, "माणसाचं काय सांगता येते." मी स्वयंपाकघरात उभी होती. सारं ऐकलं.

मले वाटते बाबाले माहीत आहे. आत्यालेबी माहीत आहे. म्हणूनच ते तिच्याकडं जाऊन मन मोकळं करतात अन् आम्हाले सांगत नाहीत. अन् आत्यानं तुले नाही लिहिलं, कावून का तुझी अमेरिका बिघडीन.

आता तरी तुझा तो ड्रायव्हर उघडून पाह्य. हात जोडते.

मिनू


पुणे
२२ डिसेंबर १९९३

मिने,

मला चार शिव्या दे, मी ऐकून घेतो. तुझं खरं होतं. माझ्या ड्रायव्हरमधूनच येतंय.

कोचिंगचे मार्क वाचले आणि अंगातलं पुणं उतरलं. ट्रंकेतून जुना प्रिंटआउट काढला, ते लांबलचक हिरव्या पट्ट्यांचे कागद खोलीभर पसरले आणि गुडघ्यांवर बसून ओळ न् ओळ वाचली. रूम-पार्टनर म्हणाला, रांगोळी काढतोयस का? सापडलं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सोप्या शब्दांत सांगतो. तुमच्या मशीनला मेमरी इतकी तोकडी, की साहेब मला रोज म्हणायचे, वाचव, वाचव. मी वाचवली. डिस्कवरून काहीही वाचायचं तर कर्नलमध्ये ते आधी एका जागेत उतरवून घ्यावं लागतं. ती जागा रिकामी झाली की तिच्यातच मी तुझ्या कमांडीचं उत्तर लिहायला लागलो. वेगळी जागा घेतली नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती त्याबद्दल! पण लिहायच्या आधी ती जागा मी पुसलीच नाही. डिस्कच्या नावाला चाळीस अक्षरांचा खण ठेवला, नाव आहे जेमतेम नऊ अक्षरांचं. उरलेल्या खणात आधीचं जे होतं ते तसंच राहिलं. आणि मी काय केलं, तर सगळीच्या सगळी जागा उचलून बाहेर तुझ्या हातात दिली. कालची भाजी डब्यात तशीच, वर आजचे दोन चमचे घालून डबा दिल्यासारखं. शेवंताच्या फायलीला कुलूप होतं, खरंच होतं. पण फाइल वाचली गेली की ती त्या जागेतून जाते, आणि तिथलं खरकटं मी ओसरीवर आणून ठेवत होतो.

आता खरी बातमी ऐक, आणि खुर्ची धरून बस. मामांना काही नाहीये!

कसं ते बघ. शेवंताच्या फायलीत एका माणसाची नोंद संपली की लगेच दुसऱ्याची सुरू होते, मध्ये काही नाही. माझ्या उत्तरात चार खण: आधी नाव, मग नंबर, मग शेरा, शेवटी खराब जागेचा आकडा. नावाच्या खणातल्या उरलेल्या जागेत मामांचं नाव दिसलं. त्यानंतर डिस्कचा नंबर मी पुढे शून्यं लावून खण भरेल असा लिहिला, तो आधीच्या मजकुरावर लिहिला गेला. काय झाकलं गेलं त्याच्याखाली? मामांचा रिपोर्ट, आणि पुढच्या माणसाचं नाव! शेऱ्याच्या खणात मी काही लिहितच नाही, म्हणून तिथं पुढच्या माणसाचा रिपोर्ट उघडा पडला. मी कागदावर रकाने आखून, अक्षरं मोजून पाहिलं. दुसरं काही बसतच नाही. नाव मामांचं, रोग दुसऱ्याचा.

म्हणजे मामांच्या मागे रांगेत जो कोणी होता त्याचं ते आहे. त्या बिचाऱ्याचं वाईट वाटतं ग, पण काय करणार, आपला माणूस सुटला. विश्वास बसत नसेल तर मामांना सरळ विचार, तुमच्या मागे कोण होतं? आणि मग पेढे खा माझ्या नावानं.

आता काम. फ्लॉपी वेगळ्या पाकिटात पाठवतोय. तिच्यात तीन गोष्टी बदलल्यात: उत्तरासाठी वेगळी जागा, लिहायच्या आधी ती पूर्ण शून्यानं पुसायची, आणि बाहेर पाठवताना जेवढं लिहिलं तेवढंच पाठवायचं. साहेबांना दाखव, ते पासवर्ड टाकून देतील. आणि फाइलीतले जुने सगळे कागद जाळ. त्यांच्यात कोणाकोणाचं काय काय असेल, देव जाणे. ते वाचत बसू नकोस.

मामांना माझा दंडवत. आईलाही सांग, तिचा भाऊ ठणठणीत आहे!

विद्या


स्मृति नगर
३० डिसेंबर

दादा,

फ्लॉपी मिळाली. साहेबांनी पासवर्ड टाकून दिला, नवीन ड्रायव्हर बसवला. दिवसभर चालवून पाह्यलं. शेवंता रिपोर्ट भरून राहिली होती तेव्हाबी चालवलं, कोचिंगवाले होते तेव्हाबी चालवलं. डिस्कचं नाव, मग कोरं. नंबर, मग कोरं. खराब जागेचा आकडा, बस. बाकी काहीच नाही येत. साहेबांनी विचारलं काय बिघडलं होतं, मी म्हटलं जागा पुसायची राहिली होती.

जुने कागद ऑफिसच्या मागे जाळले. शेवंता उभी होती सोबत.

बाबा बरे आहेत. त्यांनी आपला रिपोर्ट दाखवला मले, शुगर आहे उलीशी, बस.

तू अमेरिकेले जायच्या आधी इकडं येऊन जा ना. गाडी दुर्गले थांबते. सुट्टी भेटीन ना तुले?

आणखी काही विशेष नाही. थंडी बम आहे.

मीनल


पुणे
५ जानेवारी १९९४

मीनल,

"मीनल"? तू मला शेवटचं मीनल म्हणून कधी लिहिलं होतंस? आणि अर्ध्या पानाचं पत्र? शेजारच्यांची कुत्री व्याली तेव्हा तू मला चार पानं लिहिली होतीस, पिल्लांच्या रंगांसकट.

मी तुझं पत्र घेऊन बसलोय आणि मला काही समजत नाहीये. पेढ्यांचा पत्ता नाही, "वाचलो रे दादा" नाही. मामांच्या मागे कोण होतं तेही लिहिलं नाहीस. मी एवढं गणित मांडून दिलं, तू एका ओळीत म्हणतेस, बाबा बरे आहेत. बरे आहेत तर मग पत्र असं पाणी घातल्यासारखं का?

मी पुन्हा प्रिंटआउट काढला. म्हटलं, आपलंच चुकलं की काय. रकाना एखाद्या अक्षरानं सरकला तर? नाही सरकत. तरी मनात येतं की सरकलाच असेल, रोग मामांचाच असेल, आणि तू माझी अमेरिका बिघडू नये म्हणून खोटं लिहितेस. सगळे एकमेकांचं बिघडू नये म्हणून खोटं बोलायला लागलात तर मी कोणाचं काय वाचू?

आईला मी लिहिलं होतं की जायच्या आधी चार दिवस येऊन जातो. तिचं उलट टपाली पत्र: "येऊ नको. उगाच दगदग. मी मजेत आहे, तू आल्यावरच भेटू." मला तिचंही कळेना. दिवाळीत दहा वेळा विचारत होती, कधी येतोस, कधी येतोस. आता म्हणते येऊ नको. मामांचं लपवायला दोघी एक झाल्यात, असं मी समजू का?

हे बघ, मला लहान समजू नका. मामांनी मला सायकल शिकवली, मॅट्रिकच्या परीक्षेला सेंटरच्या दारात ते उन्हात उभे होते. त्यांचं काही असेल तर मला कळलं पाहिजे. विमानात बसल्यावर कळून काय उपयोग? खरं लिही. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

विद्या


दुर्ग
९ जानेवारी

दादा,

मी आत्याच्या घरून लिहून राहिली. ती समोर पलंगावर बसली आहे. मी जे लिहीन ते तिले वाचून दाखवायचं कबूल केलं आहे.

बाबाले काही नाही. तुझं गणित बरोबर होतं, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. आता तू बस.

तुझं ते गणिताचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं त्या दिवशी मी तिथून धावत घरी आली. आई अन् बाबा अंगणात बसून तिवऱ्याच्या शेंगा सोलून राहिले होते. मी बाबाच्या गळ्यात पडली. आई म्हणे, "हिले काय झालं!" मी हसून राहिली, रडून राहिली, अन् म्हटलं, "बाबा, तुम्हाले काही नाही! सांगा बरं, त्या दिवशी तुमच्या मागे कोण होतं रांगेत? त्याचं आहे म्हणे ते कॅन्सरचं. दादानं पुण्यात बसून शोधून काढलं!"

बाबानं हातातली शेंग खाली ठेवली. म्हणे, "विद्यानं शोधलं?" मी म्हटलं हाव. मग ते उठले अन् जाऊन फाटकापाशी उभे राहिले. मी मागून गेली. मले अजूनबी काही समजलं नव्हतं, दादा. मी विचारतच होती, "कोण होतं, सांगा ना, कोण होतं?" तर ते म्हणे, "रांग कुठली? आम्ही दोघंच गेलो होतो."

तेव्हा समजलं. बाबा म्हणे, "माझी तपासणी फालतूची, मी शुगर दाखवली का घरी सांगाले बहाणा झाला. दाखवायचं वसूले होतं."

भाऊबीजेच्या दिवशी आत्यानं ओवाळलं अन् बाबा पाकीट ठेवाले गेले, तर तिनं हात धरला. म्हणे, पाकीट नको, ओवाळणीत मी जे मागीन ते दे. मले दवाखान्यात घेऊन चाल, अन् विद्याले तो जाईपर्यंत सांगू नको. बाबानं हाव म्हटलं. ओवाळणीत दिलेलं, ते कसं मोडतीन? आईलेबी नाही सांगतलं. रोज दुर्गले येऊन तिच्याजवळ बसायचे. अन् गॅसचा नंबर आईले शिकवला तो याच्यासाठी, का ऑपरेशनच्या वेळी ते दवाखान्यात राहतीन.

मी तुले ते अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं तेव्हा मले सगळं माहीत होतं. तुले लिहायचं तर ही गोठ माझी नाही, आत्याची आहे. शेवंतानं तोंड नाही उघडलं, बाबानं नाही उघडलं, मशीननं छापून दिलं म्हणून मी सांगत सुटू काय? नाही लिहायचं तर तू तिकडं विमानात बसून जाशील, अन् मी तुले कोणत्या तोंडानं भेटू? बाबाले विचारलं तर म्हणे, मले नको विचारू. काल तुझं पत्र आलं, "एका ओळीत लिही." रात्रभर तळमळली. आज सकाळच्या बसनं इथं आली अन् जिची गोठ आहे तिलेच विचारलं.

आत्या तांदूळ निवडून राहिली होती. मी म्हटलं, "आत्या, मले माहीत झालं. बाबानं नाही सांगतलं, त्यायच्यावर रागावू नको." ती म्हणे, "मग कोणी सांगतलं?" मी म्हटलं, "ऑफिसच्या मशीननं." ती म्हणे, "मशीनले कोणी सांगतलं?" मग मी सगळं समजावून सांगतलं, डिस्क, खण, न पुसलेली जागा. किती समजलं देव जाणे. शेवटी म्हणे, "म्हणजे विद्यानं बनवलेल्या मशीनले माहीत आहे, अन् विद्याले नाही?" मी म्हटलं, "हाव आत्या, तसंच." ती हसाले लागली. लय हसली, अन् हसता हसता पदर तोंडाले लावला.

मग विचारलं, "आता बंद केलं ना त्यानं ते भोक?" मी म्हटलं, "केलं." म्हणे, "चांगलं केलं. आणखी कोणाचं असं बाहेर नको पडाले."

मी म्हटलं, "दादाले सांगू का? तू नाही म्हटलं तर मी नाही सांगणार, पण मग मले त्याच्याशी बोलता येणार नाही." ती तांदळातून हात फिरवत म्हणे, "सांग." तार करू का म्हटलं तर भडकली. "तारेत आईचं नाव पाह्यलं तर पोरगा वाटेतच अर्धा होईल. पत्र लिही. पूर्ण लिही. अन् खाली माझ्यासाठी जागा सोड."

आता वाचून दाखवलं तिले. मान हलवली. हे मी स्पीड पोस्टनं टाकून राहिली. खालचं तिनं स्वतः लिहिलं आहे, मी पाह्यलं नाही.

मिनू


विद्या,

मजेत आहे, मजेत आहे असं लिहिलं ते सारं खोटं होतं. डाव्या बाजूले गाठ आहे. वीस तारखेले ऑपरेशन आहे भिलाईले. डॉक्टर म्हणे लवकर सापडली, बरी होते.

तू जाय, माझ्यापायी थांबू नको, असंच लिहाले बसली होती. तेच लिहायचं म्हणून तर मिनीले जागा सोडाले सांगतलं. पण पेन हातात घेतल्यावर ते लिहवत नाही. बाबाराव रोज येते, मिनी आली आहे, सारे आहेत. मले भेव लागून राहिलं रे, अन् मले तू पाहिजे.

ये.

तुझी आई